सिरफिड माशी आणि मधमाशी यांतील फरक

सिरफिड माशी आणि मधमाशी हे फुलांवर येणारे दोन भिन्न गणांतील कीटक आहेत. पिवळे-काळे पट्टे, साधारण सारखा आकार आणि फुलांवरील वावर यांमुळे बागेत काढलेल्या छायाचित्रांमध्ये सिरफिड माशीला अनेकदा मधमाशी समजले जाते. वर्तमानपत्रे, पाठ्यसाहित्य आणि मधाच्या जाहिराती यांतही मधमाशीच्या जागी सिरफिड माशीचे चित्र छापले गेल्याची उदाहरणे आढळतात. सिरफिड माशीला नांगी नसते, ती मध साठवत नाही आणि वसाहत करून राहत नाही. रंग आणि पट्टे ही ओळखीची विश्वसनीय लक्षणे नाहीत, कारण नेमके तेवढेच साम्य अनुकृतीतून निर्माण झालेले असते. शृंगिका, डोळे, कंबर, पाय आणि पंख या अवयवांची रचना एकत्रितपणे पाहिल्यास बहुतेक छायाचित्रांत दोहोंतील फरक निश्चित करता येतो.

## नाव आणि वर्गीकरण

सिरफिड माश्या डिप्टेरा म्हणजे द्विपंखी गणातील सिरफिडी या कुलात मोडतात. घरमाशी, डास आणि चिलटे हेही याच गणातील कीटक होत. सिरफिडी कुलात जगभरात सुमारे ६,००० जातींची नोंद झालेली आहे. इंग्रजीत या माश्यांना हवेत एका जागी स्थिर राहण्याच्या सवयीवरून हॉवरफ्लाय, तर फुलांवरील वावरामुळे फ्लॉवरफ्लाय म्हणतात. मराठी कृषिविषयक लेखनात ‘सिरफिड माशी’ हे नाव रूढ असून तिचा समावेश मित्रकीटकांमध्ये केला जातो.

मधमाश्या हायमेनॉप्टेरा गणातील आहेत. मुंग्या, गांधीलमाश्या आणि लाकूड पोखरणारे भुंगे यांचाही याच गणात समावेश होतो. त्यामुळे सिरफिड माशी ही मधमाशीपेक्षा डासाला, तर मधमाशी ही सिरफिड माशीपेक्षा मुंगीला अधिक जवळची आहे. ‘माशी’ हा शब्द दोन्ही नावांत असला, तरी तो जवळचे नाते दर्शवत नाही.

## साम्याचे कारण

मधमाशी आणि गांधीलमाशी यांना नांगी असते. एकदा दंश झालेला पक्षी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा कीटक पुढे टाळू लागतो. निरुपद्रवी कीटकाचे रूप अशा संरक्षित कीटकासारखे असल्यास त्यालाही या भीतीचा लाभ मिळतो. इंग्रज निसर्ग-अभ्यासक हेन्री वॉल्टर बेट्स यांनी ॲमेझॉनच्या खोऱ्यातील फुलपाखरांच्या अभ्यासावरून १८६२ मध्ये हे तत्त्व मांडले. त्यांच्या नावावरून या प्रकाराला ‘बेट्सीय अनुकृती’ म्हटले जाते.

अनुकृती सर्व जातींत सारख्या प्रमाणात आढळत नाही. काही सिरफिड माश्या मधमाशीशी, काही गांधीलमाशीशी, तर काही बंबलबी या केसाळ मधमाश्यांशी साम्य दाखवतात. युरोपातील व्होल्युसेला बॉम्बिलान्स या एकाच जातीत निरनिराळ्या बंबलबींसारखी दिसणारी रंगरूपे आहेत. काही जातींचे साम्य मानवी डोळ्यांना अगदी ढोबळ वाटते. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कबुतरांना गांधीलमाश्यांची आणि सिरफिड माश्यांची छायाचित्रे दाखवण्यात आली. माणसाला सुमार अनुकृती वाटणाऱ्या सिर्फस रिबेसी आणि एपिसिर्फस बाल्टिएटस या जाती कबुतरांना मात्र गांधीलमाशीशी सर्वाधिक मिळत्याजुळत्या वाटल्याचे त्यातून दिसून आले. म्हणजेच ‘सारखे दिसणे’ हे पाहणाऱ्यावर अवलंबून असते.

ओळखीच्या दृष्टीने यातून महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. भक्षकाच्या नजरेत प्रथम भरणारे रंग, पट्टे आणि आकार यांचीच नक्कल प्रामुख्याने झालेली असते. पंखांची संख्या, शृंगिकांची मूळ घडण आणि मुखांगे ही लक्षणे गणाच्या उत्क्रांतीतून वारशाने आलेली असून ती सहसा बदललेली नसतात.

## शरीररचनेतील फरक

### शृंगिका

छायाचित्रात सर्वप्रथम पाहण्यासारखे लक्षण म्हणजे डोक्यावरील शृंगिका, अर्थात मिशा. मधमाशीच्या शृंगिका लांब, बारीक आणि कोपरासारख्या वाकलेल्या असतात. मादीत त्यांचे १२ आणि नरात १३ खंड असतात. बहुतेक सिरफिड माश्यांच्या शृंगिका अत्यंत आखूड असून त्यांत तीन मुख्य खंड असतात. तिसऱ्या खंडावर केसासारखा बारीक काटा असतो. अस्पष्ट छायाचित्रात त्या दोन लहान ठिपक्यांसारख्या भासतात किंवा दिसतही नाहीत.

### डोळे

सिरफिड माशीचे संयुक्त डोळे मोठे असून डोक्याचा बराचसा भाग व्यापतात. अनेक जातींच्या नरांमध्ये ते माथ्यावर एकमेकांना भिडतात, तर मादीत त्यांच्यामध्ये अरुंद पट्टी असते. मधमाशीच्या कामकरी मादीचे डोळे लंबगोल असून डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात आणि त्यांच्यामधील चेहरा रुंद दिसतो. डोळ्यांवर ठळक ठिपके किंवा रेघा असतील, तर तो कीटक मधमाशी नसून बहुधा द्विपंखी असतो. एरिस्टॅलिनस प्रजातीतील सिरफिड माश्यांचे ठिपकेदार किंवा पट्टेदार डोळे हे त्यांचे ठळक लक्षण आहे.

### कंबर आणि उदर

मधमाशीच्या वक्ष आणि उदर यांच्यामध्ये स्पष्ट आकुंचन असते. सिरफिड माशीचे उदर सहसा वक्षाला रुंद भागाने जोडलेले असते. अनेक लहान सिरफिड माश्यांचे उदर वरून पाहिल्यास चपटे, चकचकीत आणि जवळजवळ केसविरहित दिसते. मधमाशीचे उदर फुगीर असून वक्षावर दाट केस असतात. मात्र केसाळ जातींत कंबर केसांखाली झाकली जाते, त्यामुळे हे लक्षण एकटे पुरेसे ठरत नाही.

### पाय आणि पराग

कामकरी मधमाशीच्या मागील पायांच्या नळ्या रुंद आणि चपट्या असतात. त्यांच्या बाहेरील बाजूस परागटोपली नावाची खोलगट जागा असून तीत मकरंदाने ओलावलेल्या परागाचा गोळा साठवला जातो. छायाचित्रात मागील पायावर पिवळा किंवा केशरी गोळा दिसल्यास ओळख जवळजवळ निश्चित होते. एकलकोंड्या मधमाश्यांत टोपलीऐवजी पायांवर दाट केस असतात, तर पाने कापणाऱ्या मेगाकायली प्रजातीच्या मधमाश्या उदराच्या खालील केसांत पराग वाहून नेतात.

सिरफिड माश्या पराग खातात, पण पिलांसाठी तो गोळा करत नाहीत. त्यांच्या अंगावर पराग विखुरलेल्या भुकटीसारखा दिसतो आणि पाय बहुधा बारीक असतात. परागाचा गोळा नसणे हा मात्र मधमाशी नसल्याचा पुरावा नव्हे. मकरंद गोळा करणारी कामकरी माशी, तसेच नर यांच्या पायांवर गोळा नसतो.

### पंख

सिरफिड माशीला पंखांची एक जोडी असते. मागील जोडीचे रूपांतर उड्डाणात तोल सांभाळणाऱ्या गदेच्या आकाराच्या लहान अवयवांत झालेले असते. मधमाशीला पंखांच्या दोन जोड्या असतात. पुस्तकांत हा फरक प्रथम सांगितला जात असला, तरी छायाचित्रात तो सर्वांत फसवा ठरतो. मधमाशीचे मागील पंख लहान असतात आणि सूक्ष्म आकड्यांच्या साहाय्याने पुढील पंखांना अडकलेले असल्याने दोन पंख एकच भासतात.

पंखावरील शिरा स्पष्ट दिसत असतील, तर मात्र भक्कम पुरावा मिळतो. जवळजवळ सर्व सिरफिड माश्यांच्या पंखाच्या मध्यभागी कोणत्याही शिरेला न जुळणारी, घडीसारखी एक ‘आभासी शीर’ असते. तसेच पंखाच्या बाहेरील कडेजवळ काही शिरा वळून कडेला समांतर जातात, त्यामुळे तेथे दुहेरी कड असल्याचा भास होतो. ही दोन लक्षणे सिरफिड माशीला इतर द्विपंखी कीटकांपासूनही वेगळे करतात.

### मुखांगे

सिरफिड माशीचे तोंड स्पंजासारखे टिपणारे असते. फुलावर ती सोंड खाली सोडून पराग आणि मकरंद टिपताना दिसते. मधमाशीला लांब जीभ आणि तिच्या दोन्ही बाजूंना जबडे असतात. बाजूने काढलेल्या जवळच्या छायाचित्रात हा फरक उपयोगी पडतो.

## तुलनात्मक तक्ता

| लक्षण | सिरफिड माशी | मधमाशी | छायाचित्रातील विश्वसनीयता |
|---|---|---|---|
| शृंगिका | आखूड, टोकाजवळ बारीक काटा | लांब, कोपरासारख्या वाकलेल्या | उच्च |
| डोळे | मोठे, अनेक नरांत माथ्यावर भिडलेले | लंबगोल, डोक्याच्या बाजूंना | उच्च |
| मागील पाय | बहुधा बारीक | रुंद किंवा केसाळ, कधी परागाचा गोळा | गोळा दिसल्यास अतिशय उच्च |
| पंखांच्या शिरा | आभासी शीर, दुहेरी भासणारी कड | आभासी शीर नाही | स्पष्ट चित्रात अतिशय उच्च |
| कंबर | रुंद जोड | स्पष्ट आकुंचन | मध्यम |
| पंखांची संख्या | एक जोडी | दोन जोड्या | कमी |
| रंग व पट्टे | जातीनुसार विविध | जातीनुसार विविध | अतिशय कमी |

## फसवे अपवाद

प्रत्येक लक्षणाला अपवाद आहेत, त्यामुळे किमान दोन किंवा तीन लक्षणे जुळवून पाहणे आवश्यक ठरते.

* लांब शृंगिकांच्या सिरफिड माश्या: मायक्रोडॉन आणि सेरियाना या प्रजातींत शृंगिका लांब असतात. सेरियाना माश्यांचे उदरही मुळाशी अरुंद असल्याने त्या गांधीलमाशीसारख्या भासतात. स्पायलोमायिया प्रजातीतील माश्यांच्या शृंगिका आखूडच असतात, परंतु त्या पुढील काळपट पाय डोक्यासमोर हलवून लांब शृंगिकांचा आभास निर्माण करतात.
* भिडलेल्या डोळ्यांच्या मधमाश्या: एपिस प्रजातीतील नर मधमाश्यांचे डोळे मोठे असून माथ्यावर भिडतात. परंतु हे नर पोळ्यातील साठ्यावर जगतात आणि अन्नासाठी फुलांवर जात नाहीत. त्यामुळे फुलावर पराग टिपणारा, मोठ्या भिडलेल्या डोळ्यांचा ‘नर मधमाशी’सारखा कीटक बहुधा एरिस्टॅलिस प्रजातीची सिरफिड माशी असतो. एरिस्टॅलिस टेनॅक्स या जातीला इंग्रजीत ड्रोनफ्लाय हे नाव याच साम्यावरून मिळाले.
* हवेत स्थिर राहणाऱ्या मधमाश्या: अमेगिला प्रजातीतील नीलपट्टी मधमाश्या फुलासमोर क्षणभर स्थिर राहून लांब जीभ आत घालतात. भुंग्यांचे नरही एका जागी घिरट्या घालतात. त्यामुळे ‘हवेत स्थिर राहते म्हणून सिरफिड माशी’ हे अनुमान पुरेसे नाही.
* इतर द्विपंखी कीटक: बॉम्बिलिडी कुलातील केसाळ, लांब सोंडेच्या माश्या आणि स्टोमोऱ्हायना प्रजातीतील पट्टेदार डोळ्यांच्या माश्या फुलांवर येतात. आखूड शृंगिकांमुळे त्या मधमाशी नाहीत हे ठरवता येते, मात्र त्या सिरफिड आहेत की नाहीत हे ठरवण्यासाठी पंखांवरील शिरा पाहाव्या लागतात.

## महाराष्ट्रातील बागांमध्ये आढळणारे कीटक

महाराष्ट्रातील बागांमध्ये एपिस प्रजातीच्या तीन देशी मधमाश्या परिचित आहेत. आग्या मधमाशी ही आकाराने सर्वांत मोठी असून तिच्या कामकरी माशीची लांबी सुमारे १७ ते २० मिमी असते. सातेरी मधमाशी मध्यम आकाराची असून झाडांच्या ढोलीत किंवा भिंतींच्या पोकळीत राहते. फुलोरी मधमाशी ७ ते १० मिमी लांबीची असून झुडपांच्या फांदीवर एकच लहान पोळे बांधते. यांखेरीज नांगी नसलेल्या अतिशय लहान मधमाश्या, नीलपट्टी मधमाश्या, पाने कापणाऱ्या मधमाश्या आणि काळे भुंगेही बागेत येतात.

फुलोरी मधमाशी आणि लहान सिरफिड माश्या यांचा आकार जवळपास सारखा असल्याने गोंधळ प्रामुख्याने येथे होतो. इस्किओडॉन स्क्युटेलॅरिस ही भारतात सर्वत्र आढळणारी सिरफिड माशी असून तिच्या काळपट वक्षाच्या कडा पिवळ्या आणि उदर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे असते. एपिसिर्फस बाल्टिएटस ही ९ ते १२ मिमी लांबीची माशी उदरावरील नारिंगी रंगामुळे आणि जाड व बारीक काळ्या पट्ट्यांच्या जोड्यांमुळे ओळखता येते. एरिस्टॅलिनस प्रजातीतील काळसर माश्या चित्रविचित्र डोळ्यांमुळे लक्ष वेधून घेतात. कोथिंबीर, बडीशेप, गाजर आणि मोहरी यांच्या उघड्या, लहान फुलांवर सिरफिड माश्या विशेषत्वाने येतात, कारण त्यांच्या आखूड सोंडेला तेथील मकरंद सहज मिळतो. मात्र मधमाश्याही याच फुलांवर येत असल्याने केवळ फुलावरून कीटक ओळखता येत नाही.

## छायाचित्रावरून ओळखण्याची पद्धत

छायाचित्र तपासताना प्रथम डोके पाहावे. शृंगिका आणि डोळे स्पष्ट असल्यास बहुतेक वेळा तेवढ्यावरच गण निश्चित होतो. डोके फुलात लपलेले असल्यास मागील पाय, त्यानंतर कंबर आणि शेवटी पंखांवरील शिरा तपासाव्यात. रंगाचा उपयोग गण ठरल्यानंतर जातीचा शोध घेण्यासाठी करावा.

एकच छायाचित्र बहुधा अपुरे पडते. वरून काढलेल्या चित्रात उदराची नक्षी, डोळ्यांमधील अंतर आणि पंखांवरील शिरा दिसतात. बाजूने काढलेल्या चित्रात कंबर, पाय आणि मुखांगे दिसतात, तर समोरून काढलेल्या चित्रात चेहरा आणि शृंगिका दिसतात. त्यामुळे एकाच कीटकाची निरनिराळ्या कोनांतून घेतलेली चित्रे एकत्र ठेवणे उपयुक्त असते. उडत्या कीटकाचे पंख चित्रात धूसर येतात, अशा चित्रावरून पंखांची संख्या मोजणे निरर्थक ठरते. पहाटे किंवा थंड हवेत कीटक सुस्त असल्याने स्पष्ट चित्रे मिळण्याची शक्यता अधिक असते. सायंकाळी काडीला जबड्यांनी धरून झोपलेले अमेगिला नर अनेकदा समूहाने आढळतात. जबड्यांनी काडी पकडणे हे टिपणारे तोंड असलेल्या सिरफिड माशीला शक्य नसल्याने अशा चित्रात मधमाशीची ओळख सहज पटते.

आयनॅचरलिस्ट आणि इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल यांसारख्या संकेतस्थळांवर छायाचित्रांच्या साहाय्याने जैवविविधतेच्या नोंदी ठेवल्या जातात. अशा नोंदीसोबत दिनांक, ठिकाण आणि कीटक ज्या फुलावर होता त्या वनस्पतीचे नाव दिल्यास तिचे मूल्य वाढते. चित्रात लक्षणे पुरेशी दिसत नसतील, तर जातीचे नाव अंदाजाने देण्याऐवजी गण, कुल किंवा प्रजाती या पातळीवर ओळख थांबवणे शास्त्रीयदृष्ट्या अधिक योग्य मानले जाते.

## ऐतिहासिक गैरसमज

हा गोंधळ प्राचीन आहे. मारलेल्या बैलाच्या कुजणाऱ्या शवातून मधमाश्या उत्पन्न होतात, अशी समजूत प्राचीन भूमध्यसागरी प्रदेशात प्रचलित होती. तिला ‘बुगोनिया’ म्हणतात. रोमन कवी व्हर्जिल याच्या जॉर्जिक्स या काव्याच्या चौथ्या भागात तिचे वर्णन आढळते. द्विपंखी कीटकांचे अभ्यासक कार्ल रॉबर्ट ओस्टेन-साकेन यांनी १८९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात या समजुतीचे स्पष्टीकरण दिले. एरिस्टॅलिस टेनॅक्सच्या अळ्या कुजलेल्या, द्रवयुक्त पदार्थांत वाढतात. शेपटीसारख्या लांब श्वसननलिकेमुळे त्यांना उंदीरशेपटी अळ्या म्हणतात. शवाजवळ दिसणाऱ्या ‘मधमाश्या’ म्हणजे या अळ्यांपासून तयार झालेल्या माश्या होत्या, असे त्यांनी प्रतिपादन केले.

## अचूक ओळखीचे महत्त्व

दोन्ही कीटक परागीभवन करतात, परंतु त्यांच्या गरजा भिन्न आहेत. मधमाश्यांना पिलांच्या पोषणासाठी सातत्याने पराग आणि मकरंद लागतो, तसेच घरट्यासाठी योग्य जागा लागते. अनेक सिरफिड माश्यांच्या अळ्या मावा खातात. मादी माव्याच्या समूहाजवळ अंडी घालते आणि पाय नसलेली अळी पानावर सरकत मावा टिपते. माव्याशेजारी दिसणारी ही अळी पीक खाणारी समजून मारली गेल्यास किंवा सरसकट कीटकनाशक फवारल्यास माव्याचा नैसर्गिक शत्रूच नष्ट होतो.

सिरफिड माश्या मधमाश्या म्हणून मोजल्या गेल्यास बागेत मधमाश्या भरपूर असल्याचा चुकीचा समज निर्माण होतो आणि त्यांची घट लक्षात येत नाही. उलटपक्षी, सिरफिड माश्यांचे स्वतंत्र कार्यही दुर्लक्षित राहते. दक्षिण ब्रिटनवरून दरवर्षी स्थलांतर करणाऱ्या सिरफिड माश्यांची संख्या ४ अब्जांपर्यंत असल्याचा अंदाज २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मांडण्यात आला असून या माश्या पराग दूरवर नेतात आणि त्यांच्या अळ्या मोठ्या प्रमाणावर मावा खातात, असे त्यात नमूद आहे.

सुरक्षिततेच्या दृष्टीनेही हा फरक उपयोगी आहे. सिरफिड माशी दंश करू शकत नाही, त्यामुळे ती बागेत आढळल्यास तिला हाकलण्याची किंवा मारण्याची आवश्यकता नसते. मात्र जेथे ओळख निश्चित झालेली नाही, तेथे कीटकाला हात लावणे टाळावे, कारण दंशाची ॲलर्जी असलेल्या व्यक्तीला मधमाशीचा एक दंशही धोकादायक ठरू शकतो.

## हे सुद्धा पहा

* मधमाशी
* गांधीलमाशी
* परागीभवन
* मावा
* अनुकृती